लोककथेतल्या पात्रांचा स्वभाव ओळखायला मुलांना कसं शिकवायचं? (पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी)

गोष्ट संपल्यावर मुलांना विचारा, "म्हातारी कशी होती?" उत्तर येतं "चांगली". "आणि वाघ?" "वाईट". झालं, विषय संपला. नवीन शिक्षकांचं, घरी गोष्ट सांगणाऱ्या आईबाबांचं, सोसायटीत किंवा वाचनालयात गोष्टींचा तास घेणाऱ्यांचं गाडं बरोब्बर इथे अडतं, कारण यापुढे काय विचारायचं हे आपल्यालाच कुणी शिकवलेलं नसतं. आपल्या वेळी गोष्टीखाली तात्पर्य लिहिलं की काम झालं असायचं.

मी बरीच वर्षं दुसरी ते पाचवीच्या मुलांचा गोष्टींचा तास घेते. या सगळ्यात एक प्रश्न हातात असला तरी तुमचं निम्मं काम होतं, तो म्हणजे "कशावरून?" मूल म्हणालं चांगली, कशावरून? मूल म्हणालं लबाड, कशावरून? मुलाला परत गोष्टीत जाऊन काहीतरी शोधून आणायला लावायचं, बस. बाकी खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नासाठी जमीन तयार करायला आहेत.

आधी काय काय जमवायचं

फार काही लागत नाही. एक गोष्ट, जी तुम्हाला पुस्तकात न बघता सांगता येते. मोठे कोरे कागद (जुन्या कॅलेंडरची पाठची बाजू मस्त चालते), स्केचपेनं, चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या किंवा नुसते कागदाचे तुकडे आणि डिंक. फोनवर रेकॉर्ड केलेली कुणाच्या तरी आजीच्या तोंडची तीच गोष्ट मिळाली तर फारच उत्तम, ती पुढे सातव्या पायरीला लागेल. घरात गोष्टींची पुस्तकं नसली तरी अडत नाही, बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, स्टोरीवीवर या वेबसाइटवरही मराठी गोष्टी फुकट आहेत. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर पहिली गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकलेलीच घ्या. ती सांगताना तुमचा आवाज वेगळा लागतो आणि मुलांना ते लगेच कळतं.

१. गोष्ट नीट निवडा

प्रत्येक गोष्ट यासाठी चालत नाही. बघायचं एवढंच की पात्रं कमी असावीत (दोन ते चार), पात्र अडचणीत सापडावं आणि त्या अडचणीत त्याने स्वतः काहीतरी करावं किंवा बोलावं. ज्या गोष्टीत सगळं जादूनेच होतं आणि पात्र नुसतं बघत बसतं तिथे मुलांना स्वभावाबद्दल बोलायला काही मिळतच नाही.

पहिली-दुसरीला चल रे भोपळ्या टुणुक टुणुक किंवा चिऊ-काऊ. तिसरीला उंदराची टोपी. चौथी-पाचवीला श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी, ही माझी सगळ्यात आवडती, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पंचतंत्रातली माकड आणि मगर कुठल्याही वयाला चालते कारण त्यातली मगर दोन्हीकडून ओढली जाते, एकीकडे मित्र, दुसरीकडे बायकोचा हट्ट, त्यामुळे तिला सरळ "वाईट" म्हणून मोकळं होता येत नाही.

२. पहिल्यांदा नुसती गोष्ट सांगा

मध्ये थांबून "आता सांगा बरं, उंदीर कसा आहे?" असं करू नका. गोष्टीचा रस जातो आणि मुलं उत्तर शोधायच्या नादात ऐकणं सोडतात. पूर्ण सांगा, आवाज काढून सांगा, टुणुक टुणुक मुलांना तुमच्याबरोबर म्हणू द्या. प्रश्न दुसऱ्यांदा सांगताना, आणि मोठ्या मुलांचा ग्रुप असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी.

३. दिसणं, वाटणं आणि स्वभाव वेगळा करा

ही पायरी लोक गाळतात आणि मग पुढे सगळा घोळ होतो. मुलांना "म्हातारी कशी आहे" विचारलं की ती सांगतात बारीक आहे, म्हातारी आहे, घाबरलेली आहे. यात चूक काही नाही पण बारीक हे दिसणं झालं, घाबरलेली हे त्या वेळचं वाटणं झालं, आणि स्वभाव म्हणजे जे माणूस बहुतेक वेळा असतं. कागदावर तीन रकाने आखा: दिसायला कशी, तेव्हा काय वाटलं, स्वभावाने कशी. मुलं जे सांगतील ते चिठ्ठीवर लिहून त्यांनाच योग्य रकान्यात चिकटवू द्या. पहिल्या वेळी तिसरा रकाना जवळपास रिकामा राहतो. राहू दे, घाईने स्वतः भरू नका, रिकामा रकाना बघून मुलंच विचारतात की इथे काय लिहायचं.

घाबरलेली आणि भित्री यातला फरक समजवायला भोपळ्याची गोष्ट एकदम फिट आहे. म्हातारी वाघासमोर घाबरली, हे खरं. पण घाबरून ती काय करते? पळत नाही, रडत नाही, बोलते. लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा. घाबरलेली आहे पण भित्री नाही, हे सात वर्षांच्या मुलालाही बरोबर कळतं.

४. आता "कशावरून?"

लोककथेत पात्राच्या मनात काय चाललंय हे फारसं सांगत नाहीत. म्हातारीला काय काय वाटलं यावर पानभर वर्णन नसतं, ती थेट काहीतरी करते नाहीतर बोलते. म्हणूनच लहान मुलांना सुरुवात करायला लोककथा बरी पडते, पुरावा सगळा उघड्यावर असतो. तो तीन ठिकाणी शोधायला सांगा: पात्र काय करतं, काय बोलतं आणि बाकीचे त्याच्याशी कसे वागतात.

आमच्या तासाला भोपळ्याच्या गोष्टीवर एकदा चांगलीच जुंपली होती. बहुतेकांचं म्हणणं म्हातारी हुशार, तिने भोपळ्याची युक्ती केली. कशावरून? भोपळ्यात बसून आली ना. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, पण भोपळा तर तिच्या लेकीने दिला, मग हुशार लेक. आता काय करायचं? परत गोष्टीत जायचं. जाताना म्हातारीने वाघाला जो शब्द दिला तेव्हा भोपळा होता का? नव्हता. मग तेव्हा तिच्याकडे काय होतं? फक्त बोलणं. म्हणजे वेळ मारून नेणारी, हजरजबाबी ही म्हातारी, आणि पुढचं डोकं चालवून आधीच तयारी करणारी ती लेक. दोघींना "हुशार" म्हणून एकाच पोत्यात घातलं असतं तर हे निसटलंच असतं. मग दुसऱ्या मुलाने काढलं, पण ती वाघाशी खोटं बोलली म्हणजे ती खोटारडी. त्यावर अर्धा तास गेला आणि एकमत झालं नाही. होऊही नये. पुरावा देऊन दोन मुलं दोन वेगळ्या ठिकाणी पोचली तर तास उत्तम झाला असं समजा.

काही घरांत ही गोष्ट सांगताना भोपळा म्हातारीनेच मागून घेतला असं सांगतात. तुमच्या गोष्टीत तसं असेल तर उत्तरही बदलणार, म्हणून आपण नेमकं काय सांगितलं हे तुमच्या लक्षात पाहिजे.

५. एका गुणाला दोन पुरावे

एकदा केलं म्हणजे स्वभाव नाही. हा नियम मुलांना खूप आवडतो, कारण त्यांनाही घरी एकदा दूध सांडलं की "धांदरट" म्हणतात आणि ते त्यांना अन्यायाचं वाटतं. तर नियम असा की एका गुणाला गोष्टीतले निदान दोन पुरावे, नाहीतर तो शब्द चिकटवायचा नाही, बाजूला "कदाचित" च्या रकान्यात ठेवायचा.

लोककथेत एकच गोष्ट परत परत होते, ती इथे कामाला येते. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब अंग पुसते. थांब तीट लावते. आपण लहानपणापासून धरून चाललोय की चिऊ शहाणी आणि काऊ वेंधळा, कारण तिचं घर मेणाचं आणि त्याचं शेणाचं. मुलांना मोजायला सांगा, चिऊने किती वेळा थांब म्हटलं आणि तोवर काऊ कुठे होता. पावसात. मग एक मूल हमखास म्हणतं की बाळाचं आवरणं ठीक आहे पण आधी दार उघडून आत घ्यायचं आणि मग तीट लावायची. दुसरं म्हणतं, ती एकटी होती आणि बाळ लहान होतं, कसं उघडणार? दोघांकडे पुरावा आहे. आणि घर शेणाचं असणं हा काऊच्या स्वभावाचा पुरावा होतो का, हेही विचारा. माणूस कुठे राहतो त्यावरून तो कसा आहे हे ठरवायचं नाही, ही गोष्ट उपदेश न करता इथे आपोआप येते.

६. "केलं" च्या मागचं "का केलं"

इथे उंदराची टोपी घ्या. उंदराला चिंधी सापडते, धोब्याकडून धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, ऐकलं नाही तर राजाकडे जाईन, शिपाई आणीन म्हणून धमकावतो, मग टोपी घालून ढुम ढुम ढुमाक. राजा टोपी काढून घेतो, उंदीर ओरडत सुटतो राजा भिकारी माझी टोपी घेतली, राजा टोपी परत देतो, तर उंदीर म्हणतो राजा मला भ्याला माझी टोपी दिली.

विचारा, राजा कसा? मुलं पटकन म्हणतात दयाळू, टोपी परत दिली. कशावरून दयाळू? परत दिली म्हणून. पण कधी दिली? उंदराने सगळ्यांसमोर भिकारी म्हटल्यावर. मग कीव आली म्हणून दिली की अब्रू जाते म्हणून दिली? कृती एकच पण कारण बदललं की गुण बदलतो. हे एकदा लक्षात आलं की मुलं पुढे स्वतःहून "पण का?" विचारायला लागतात.

उंदराचंही तसंच. राजासमोर बोलतो म्हणून धीट, आणि धोब्या-शिंप्याला धमकी देतो म्हणून दांडगट. दोन्ही खरं. एका पात्रात बरे आणि वाईट दोन्ही गुण असू शकतात हे मुलांना इथे पहिल्यांदा मान्य होतं. त्यांना ते थोडं अवघड जातं, वेळ द्या.

७. दुसऱ्या तोंडून तीच गोष्ट ऐका

मुलांना घरचा अभ्यास द्यायचा असेल तर हा द्या. आजी, आजोबा, शेजारच्या काकू, कुणालाही तीच गोष्ट सांगायला लावायची आणि काय वेगळं आहे ते ऐकून यायचं. चिऊ-काऊच्या शेवटी कुणाकडे चिऊ काऊला चुलीपाशी ऊब घ्यायला बसवते, कुणाकडे तिथे काऊला चांगलाच चटका बसतो, कुणाकडे काऊ बाळाचा खाऊ खाऊन पळतो. शेवट बदलला की स्वभावाचा तक्ता बदलतो. मुलं याने चकित होतात, आणि पुरावा गोष्टीतूनच द्यायचा हे पक्कं होतं, कारण "माझ्या आजीच्या गोष्टीत काऊ चोर आहे, तुझ्या आजीच्या नाही" असा वाद सुरू होतो.

८. मोठ्या मुलांसाठी: पात्र बदलतं का?

खुलभर दुधाची कहाणी पाचवीच्या मुलांना जरूर द्या. एका राजाला वाटतं महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. हुकूम सुटतो, गावातलं सगळं दूध देवळात. लोक भीतीपोटी वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत, सगळं दूध ओततात, तरी गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र घरचं कामधाम आटपते, मुलंबाळं, लेकीसुना, वासरं सगळ्यांना तृप्त करते आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन देवळात जाते, आणि गाभारा भरतो. राजाला पत्ता लागत नाही, पहारे बसवतो, शेवटी स्वतः लपून बसतो आणि म्हातारीला पकडतो. ती घाबरते. तो अभय देतो. मग ती तोंडावर सांगते की तुझ्या हुकमाने वासरं तळमळली, मुलं तळमळली, ते देवाला आवडलं नाही.

मुलांचं पहिलं उत्तर ठरलेलं: म्हातारी भाविक, राजा दुष्ट. आता "कशावरून?" घेऊन बसा. राजा दुष्ट असता तर देवासाठी दूध कशाला मागितलं असतं? तोही भाविकच. मग दोघांत फरक काय? म्हातारी आधी घरातल्या भुकेल्या जिवांकडे बघते, राजाच्या डोळ्यांसमोर फक्त गाभारा. म्हणजे म्हातारी कनवाळू, आणि राजा? मुलांनी आजवर हट्टी, घमेंडी, अविचारी असे शब्द दिले आहेत, एका मुलाने "एकाच गोष्टीच्या मागे लागणारा" असं लिहिलं होतं, मला ते फार आवडलं. पुढे विचारा, म्हातारीने हुकूम मोडला, पकडली गेली, तरी खरं सांगितलं, मग ती कशी? इथे "भाविक" हा शब्द पुरत नाही हे मुलांना स्वतःला कळतं आणि धीट, स्पष्टवक्ती असे शब्द यायला लागतात.

आणि मग खरा प्रश्न. राजाने तिला शिक्षा केली का? नाही, उलट मग आता काय करू म्हणून विचारलं, आणि ती म्हणाली तसं केलं. पहिल्या सोमवारचा राजा आणि शेवटच्या सोमवारचा राजा यांची दोन चित्रं शेजारी शेजारी काढायला लावा आणि मधे बाणावर लिहायला सांगा की कशामुळे बदलला. या एका कहाणीवर दोन तास सहज जातात, कंटाळा येत नाही.

९. शब्द वाढवा, पण यादी पाठ करून घेऊ नका

मुलांकडे चार शब्द असतात: चांगला, वाईट, हुशार, वेडा. नवे शब्द गोष्टीत गरज पडेल तेव्हाच द्या. मूल म्हणालं "तो गोड बोलतो पण मनात दुसरंच असतं", की लगेच द्या, याला साळसूद म्हणतात. "सगळं एकट्यालाच पाहिजे", अप्पलपोटा. "दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतो", भोचक. "कुणी काहीही सांगितलं तरी खरं मानतो", भाबडा. "थांबायला तयारच नाही", उतावळा. आधी अर्थ मुलाचा, मग शब्द आपला. असा मिळालेला शब्द मुलं घरी जाऊन भावंडांवर वापरतात, पालकांच्या तक्रारी येतील, त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा!

बोलीतला शब्द आला तर तो तसाच तक्त्यावर लिहा. परदेशातल्या मराठी शाळेत घेत असाल तर मुलांना विचार इंग्लिशमध्ये सांगू द्या, शब्द तुम्ही मराठीत द्या. विचार आणि भाषा दोन्ही एकदम मागितलं तर मूल गप्प बसतं.

१०. लिहून घेणं

लिखाण शेवटी आणि थोडंच. एक साचा द्या: "मला ___ हे पात्र ___ वाटतं, कारण गोष्टीत ते ___ आणि ___." शेवटच्या दोन रिकाम्या जागा म्हणजे दोन पुरावे. एका मुलीने लिहिलेलं असं होतं: मला लेक हे पात्र काळजी घेणारं वाटतं कारण गोष्टीत तिने आईला खाऊपिऊ घातलं आणि परत जाताना भोपळा दिला. बास, एवढं पुरे. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांना खुर्चीवर बसवा, ते मूल म्हणजे आता राजा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, तुम्ही टोपी का घेतली, परत का दिली. उत्तर गोष्टीला धरून नसेल तर बाकीची मुलं लगेच पकडतात.

हमखास अडकायच्या जागा

तात्पर्य. शेवटी "म्हणून मुलांनो आपण काय शिकलो" हे म्हणायचा मोह आवरा. ते म्हटलं की मुलांना कळतं की उत्तर आधीच ठरलेलं होतं, आणि पुढच्या वेळी ती विचार न करता तेच ओळखायचा प्रयत्न करतात.

कोल्हा म्हणजे लबाड, सावत्र आई म्हणजे दुष्ट, सासू म्हणजे छळणारी. हे शिक्के गोष्टींतूनच आले आहेत, त्यामुळे जास्त जपायला हवं. समोर बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरी सावत्र आई असू शकते, ते डोक्यात ठेवा. या गोष्टीतल्या या कोल्ह्याने काय केलं तेवढंच बोलायचं.

मुलाला पात्राची उपमा देणं. "बघ, तू पण त्या काऊसारखाच." हे कधीच नाही, गमतीतसुद्धा नाही. त्या दिवसापासून ते मूल कुठल्याच पात्राला आळशी म्हणणार नाही, कारण त्याला भीती असते की आता माझ्यावर येणार.

एकच बोलकं मूल आणि बाकीचे त्याची री ओढणारे. यावर उपाय सोपा आहे, आधी सगळ्यांनी गपचूप चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा, मग बोलायचं.

आणि आपलं स्वतःचं उत्तर. मूल तुमच्यापेक्षा वेगळं म्हणालं आणि त्याच्याकडे दोन पुरावे असले तर त्याचा शब्द तक्त्यावर जातो, आपल्याला पटो न पटो.

पहिल्या तासाला फक्त तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलात तरी चालेल. पाऊण तासाच्या वर मुलं बसत नाहीत, पहिली-दुसरीची तर अर्ध्या तासातच चुळबुळ सुरू होते, तिथेच थांबवा आणि तक्ता भिंतीवर तसाच राहू द्या, मधल्या दिवसांत मुलं येताजाता त्यावर चिठ्ठ्या लावतात.